डाव्या पायाचे नाना

नाना गाडी कशी चालवतात हे बघायचं असेल तर मागच्या सीटवर बसावं. पुढे बसलं की ते बोलताना आपल्याकडे वळून बघतात आणि समोरच्या पीएमटीवर लक्ष ठेवायचं काम आपल्याकडे येतं. मागून माणूस नीट दिसतो. उजवा हात स्टिअरिंगवर नावापुरता टेकलेला. डावा हात गिअरच्या मुठीवर, कायमचा. आणि डावा पाय क्लचवर. नळ स्टॉपला सिग्नल लाल आहे, आकडे सावकाश उलटे उतरतायत, शेजारचा रिक्षावाला तंबाखू मळतोय, मागचा कारवाला मोबाइलमध्ये गेलाय, हवालदार झाडाखाली आहे. नाना मात्र फर्स्ट टाकून, क्लच दाबून तयार. सबंध चौकात त्या घडीला ड्यूटीवर असतो तो एकच पाय.

असं क्लच दाबून उभं राहिलं की आतलं रिलीज बेअरिंग झिजतं, हे त्यांच्या गॅरेजवाल्याने तोंडावर सांगून झालंय. नाना म्हणतात, "झिजण्यासाठीच असतं ते."

आमच्या कोथरूडला या पंथाचे गृहस्थ बरेच आहेत. साठी उलटलेली, पेन्शन वेळेवर, आणि ऑटोमॅटिक गाडीचं नाव काढलं की चेहऱ्यावर कोणी चहात मीठ घातल्याचा भाव. नाना त्यातले कट्टर. उभा जन्म सरकारी लेखा खात्यात गेला. हातात पाना धरलेले नाना कोणी पाहिलेले नाहीत. बोनेटखाली त्यांना एकच वस्तू ओळखता येते, ती वायपरच्या पाण्याची बाटली. पण कान म्हणाल तर पक्के. "गाडी कानांनी चालवायची असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इंजिन जरा कण्हलं की नाना गिअर उतरवतात, जरा ओरडलं की चढवतात, आणि मागे बसलेल्याला झटका म्हणून जाणवत नाही. हे मान्यच केलं पाहिजे. हा माणूस उत्तम गाडी चालवतो. त्यामुळेच त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

डाव्या पायाचा कारभार स्वतंत्र आहे. जावयाच्या गाडीत शेजारी बसले तरी तो समोरच्या मॅटवर दाबत राहतो. रिक्षावाल्याने सेकंडवर ओढत ठेवली की नाना बाहेर बघत पुटपुटतात, "टाक रे, टाक आता." बालगंधर्वला एका नाटकात पात्रं दोन खुर्च्या मांडून मोटारीत बसल्याचा अभिनय करत होती. ड्रायव्हर झालेल्या नटाने हवेत गिअर टाकला, पण पाय हलवला नाही. तो नानांनी हलवला. पुढच्या रांगेतले गृहस्थ मध्यंतरापर्यंत वळून वळून बघत होते.

हे सगळं चेतकपासूनचं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, मग ती यायची, आणि आल्यावर सकाळी सुरू व्हायला नाटकं करायची. तिला आधी आपल्या अंगावर तिरकी घ्यायची, मग सरळ करून किक मारायची. डाव्या मुठीत क्लच आणि त्याच मुठीत गिअर. मनगट वळवायचं आणि गिअर पडल्याचं हाताला कळलं पाहिजे. चारचाकी नाना ऑफिसातल्या एका साहेबांच्या प्रीमियर पद्मिनीवर शिकले. नाव काहीही असो, तिला सगळे फियाटच म्हणायचे. गिअरची दांडी स्टिअरिंगखालून निघालेली. "ती दांडी ज्याने हाताळली त्याला जगात कुठलीही गाडी द्या," असं नाना म्हणतात. प्रत्यक्षात त्यानंतर त्यांना दोनच मिळाल्या. एक मारुती ८०० आणि दुसरी आत्ता पंधरा वर्षांची झालेली हॅचबॅक.

२०१९ साली बजाजने चेतक हे नाव परत आणलं तेव्हा नाना पेपर हातात घेऊनच खाली पार्किंगमध्ये आले. नवी चेतक विजेवरची. क्लच नाही, गिअर नाही. "नाव तरी बदलायचं," एवढंच बोलले आणि शब्दकोडं कोरं ठेवून पेपर मला देऊन गेले. नानांनी शब्दकोडं सोडल्याची दुसरी नोंद आमच्या सोसायटीत नाही.

नानांच्या सौभाग्यवती माईंचा प्रवास याच्या बरोबर उलट. १९८४ साली कायनेटिक होंडा निघाली, आणि माईंनी नोकरीच्या पैशांतून ती घेतली. बटण दाबलं की सुरू, मूठ पिळली की चालू. पोरांची शाळा, मंडई, भिशी, डॉक्टर, सगळं तिच्यावर. पावसात चेतक रुसली की नानांना ऑफिसला सोडणंही तिच्यावरच. पुढे ॲक्टिव्हा आली. नानांनी या दोन्हींना कधी गाडी म्हटलं नाही. "हिचं ते" म्हणायचे. "अगं, तुझं ते जरा बाजूला घे, मला गाडी काढायचीय." त्यांना मोठाच आधार होता तो माईंच्या लायसन्सचा. त्यावर सरकारने स्वच्छ छापलेलं होतं: विनागिअर. दुचाकीला कायद्यात गिअरवाली आणि बिनगिअरची असे दोन वर्ग आहेत. नानांच्या मते मोटार वाहन कायद्यातलं एवढं एकच कलम विचार करून लिहिलेलं आहे.

आणि मग गुडघा दुखायला लागला. तोही डावा.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि जिने कमी करा, मांडी घालू नका, क्लचची गाडी बंद करा, अशी तीन वाक्यं सांगितली. नानांनी त्याच संध्याकाळपासून जिने बंद केले, मांडी बंद केली. तिसऱ्याबद्दल म्हणाले, "डॉक्टर हाडांचा आहे, गाडीचा नाही." पण म्हात्रे पुलावरून घरी यायला पाऊण तास लागला त्या दिवशी ते गाडीतून उतरलेच नाहीत. दार उघडून तसेच बसले होते, पाय हातांनी उचलून बाहेर ठेवला. माईंनी वरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी छोटी ऑटोमॅटिक गाडी बघायला जायचं ठरलं. म्हणजे माईंनी ठरवलं.

लेखा खात्यातला माणूस असा सहजी जात नाही. नानांनी फुलस्केप कागदावर उभी रेघ मारली. डावीकडे मॅन्युअल, उजवीकडे ऑटोमॅटिक. तेच मॉडेल, तेच इंजिन. ऑटोमॅटिकला सुमारे पन्नास हजार जास्त. "पन्नास हजारांत क्लच प्लेटी किती येतील?" असं विचारून त्यांनी स्वतःच भागाकार मांडला. मॅन्युअल घेऊन आयुष्यभर क्लच जाळत बसलं तरी पैसे उरत होते. मग ॲव्हरेजची ओळ आली. ऑटोमॅटिक पेट्रोल पिते, हे नानांचं गृहीत. मी त्यांना वॅगन आरच्या एक लिटर इंजिनाचे छापील आकडे दाखवले: मॅन्युअल लिटरला २४.३५ किलोमीटर, ऑटोमॅटिक २५.१९.

"हे कोणी काढलं?"

"एआरएआय."

नाना गप्प झाले. इथे परगावच्या वाचकांना सांगायला हवं की नाना रोज पहाटे वेताळ टेकडीवर जातात, आणि आमच्याकडची माणसं त्या टेकडीला बिनदिक्कत एआरएआयची टेकडी म्हणतात. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था तिथेच आहे. देशभर ज्या ॲव्हरेजवर लोक भांडतात त्यातले कितीतरी आकडे तिच्या शिक्क्याने बाहेर पडतात. नाना इतकी वर्षं तिच्या कुंपणाकडेने मोर बघत चाललेले. घरच्याच टेकडीने असं करावं!

"तिथे गाडी रोलरवर चढवून जागच्या जागी पळवतात," ते थोड्या वेळाने म्हणाले. "रोलरवर कर्वे रोड कुठून येणार?"

मुद्दा रास्त होता. मी म्हटलं, "नाना, मॅन्युअलचीही परीक्षा त्याच रोलरवर होते."

"हो, पण रस्त्यावर मॅन्युअलमध्ये मी असतो."

शोरूममधला मुलगा जेमतेम पंचविशीचा, टायची गाठ सैल. त्याने सगळी मांडामांड केली. एकीत टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल फिरतं. एकीत दोन क्लच, एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. मऊ चालते आणि महाग असते. सीव्हीटीत गिअर असे नाहीतच, दोन पुल्या आणि मध्ये पट्टा. पुल्या कमीजास्त रुंद होतात. एवढं ऐकल्यावर माईंनी विचारलं, "माझ्या कायनेटिकमध्ये होतं तसंच का?"

"हो मॅडम, तत्त्व तेच."

म्हणजे ज्या वस्तूला हा मुलगा आता इतक्या अदबीने सीव्हीटी म्हणत होता ती माई ऐंशीच्या दशकापासून मंडईत नेत होत्या. नाना काचेतून बाहेरची झाडं बघत होते.

बजेटात बसत होती ती एएमटी. तिच्यात आर, एन, डी आणि एम एवढीच अक्षरं. पार्कचा पी नाही. इतर ऑटोमॅटिक गाड्यांत असलेलं एक अक्षर हिच्यात नाही हे कळल्यावर नाना खुलले. कागदावर उजव्या बाजूला पहिल्यांदाच काहीतरी ठोस वजा झालं. त्या आनंदात ते टेस्ट ड्राइव्हला तयार झाले.

डी टाकला, ब्रेक सोडला. गाडी आपण होऊन पुढे सरकायला लागली. नाना म्हणाले, "मी काही सांगितलं नव्हतं हिला." पुढे रस्ता मोकळा मिळाला. वेग वाढला, इंजिनाचा सूर चढला, नानांच्या कानांनी थर्ड मागितला. आणि डावा पाय निघाला. इतक्या वर्षांच्या सरावाने, पूर्ण ताकदीने, पेडल तळाला लागेपर्यंत जायच्या इराद्याने. तिथे क्लच नव्हता. तिथे ब्रेक होता.

मुलाच्या हातातली माहितीपत्रकं डॅशबोर्डवर पसरली. माईंची पर्स पुढच्या दोन सीटांच्या मधून येऊन हँडब्रेकवर बसली. मी मागे माईंच्या शेजारी होतो, मला सीटबेल्टचं महत्त्व पटलं. मागून एक टेम्पो टायर घासत थांबला आणि त्यातून जे शब्द आले ते छापता येणार नाहीत. नानांनी आरशात पाहिलं, चष्मा नाकावर वर सारला आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, "ब्रेक चांगले आहेत."

घरी आल्यावर कागदाची घडी झाली. मग युक्तिवादाचं सत्र सुरू झालं. लेस्टरला भाचा आहे, त्याला रात्री फोन लागला. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा पास झालात तर फक्त ऑटोमॅटिकच चालवायचं लायसन्स मिळतं. क्लचच्या गाडीसाठी पुन्हा परीक्षा. नानांनी हा नियम सोसायटीतल्या प्रत्येकाला ऐकवला. ब्रिटिशांबद्दल एवढं चांगलं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आपल्याकडे दुचाकीला असा फरक आहे आणि चारचाकीला नाही, ही विसंगती त्यांनी मला पार्किंगमध्ये, लिफ्टमध्ये आणि एकदा एका तेराव्याला समजावली. मग घाट. न्यूट्रलमध्ये टाकून घाट उतरणाऱ्यांवर नानांचा विशेष राग. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार बघा म्हणतात. इथे ते शंभर टक्के बरोबर आहेत. गिअरमध्ये असलेलं इंजिन उतारावर गाडी धरून ठेवतं, आणि चार पैशांच्या डिझेलसाठी ते सोडून देणारा ड्रायव्हर सगळ्या गावाचा जीव टांगणीला लावतो.

हे सगळं रीतसर ऐकून घेतल्यावर माई म्हणाल्या, "मग चालत जाऊया."

तोडगा निघाला तो गॅरेजात. गॅरेजवाल्याने एका एएमटीचा गिअरबॉक्स खाली उतरवला होता. नाना जुन्या गाडीचं बेअरिंग दाखवायला गेलेले, मी सोबत. फरशीवर काळवंडलेली, गोल, ओळखीची वस्तू पडली होती.

"ही क्लच प्लेट ना?" नाना म्हणाले. "कोणाची?"

"ही काय, या ऑटोमॅटिकची."

"ऑटोमॅटिकला क्लच?"

मग त्या भल्या माणसाने जे सांगितलं ते शोरूममधल्या टायवाल्याने आधीच सांगितलं असतं तर बरंच काही टळलं असतं. एएमटी म्हणजे साधी मॅन्युअल गाडीच. तोच गिअरबॉक्स, तेच दात, तीच प्लेट. फक्त वर एक यंत्र बसवलंय. ते वेग बघतं, ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते बघतं, मग क्लच दाबतं, गिअर टाकतं, क्लच सोडतं. त्या दाबण्या-सोडण्याच्या मधल्या क्षणी गाडीचा जोर तुटतो म्हणून बसलेल्यांच्या माना पुढे लवतात. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलत बसलात तर ही प्लेटही जळतेच.

माझ्या मते एएमटी ही अस्सल मध्यमवर्गीय तडजोड आहे. ऑटोमॅटिकचा तोरा मिरवायचा आणि आत जुनंच चालू ठेवायचं. पण नानांच्या चेहऱ्यावर वेगळंच काही उगवत होतं. मी लोखंड तापलेलं पाहिलं आणि हळूच म्हटलं, "नाना, २०१४ साली सेलेरिओ आली ना, आपल्याकडची पहिली स्वस्त एएमटी, तिच्यातलं हे यंत्र मॅग्नेटी मारेलीचं होतं. इटलीची कंपनी. तेव्हा फियाटच्या घरातली."

"फियाट?"

"फियाट."

नानांनी प्लेट उचलून हातात वजन करून पाहिली. "म्हणजे आत एक पोरगा बसवलाय," ते म्हणाले. "क्लच दाबायला."

दसऱ्याला गाडी आली. झेंडूचा हार, कुंकवाचं स्वस्तिक, चारी चाकांखाली लिंबं. नानांनी डी टाकला, लिंबं फुटली, आणि त्या क्षणापासून त्यांनी त्या पोरग्याला शिकवायला घेतलं. आता नानांच्या गाडीत मागे बसलं की अखंड शिकवणी ऐकू येते. "सेकंड... टाक... शाब्बास. आता थर्डची घाई नको, पुढे स्पीडब्रेकर आहे. नको म्हटलं ना! टाकलास शेवटी." त्याला स्पीडब्रेकर दिसत नाही, याचं त्यांना आधी वाईट वाटलं आणि मग फार बरं वाटलं. इंजिन कण्हण्याआधी पुढचा रस्ता बघून गिअर उतरवायला माणूसच लागतो, हे त्यांचं म्हणणं त्या पोरग्याने रोज सिद्ध करून दिलं.

महिनाभरात त्यांनी एक गोष्ट शोधून काढली, जी एएमटीवाले सगळेच कधीतरी शोधतात: गिअर बदलायच्या बेताला आला की आपण ॲक्सिलरेटरवरचा पाय अंमळ सैल करायचा. मान लवत नाही. गिअर लोण्यातून पडतो. नानांना तो बेत कानांनी अचूक कळतो. परवा मला म्हणाले, "तो टाकतो असं लोकांना वाटतं. मी पाय सैल करतो तेव्हाच टाकतो तो." डावा गुडघा आता बरा आहे. उजवा दुखतो म्हणतात.

घाटात तर एमचा खटका आहेच. दांडी एमला घ्यायची आणि पुढेमागे ढकलून आपले गिअर आपण टाकायचे. उतारावर सेकंडला धरून ठेवायला ही सोय फार कामाची. नानांना मात्र आमच्या सोसायटीच्या गेटचा उतारही घाट वाटतो. चौकातून चौकात एम. पेट्रोल पंपावर एम. गिअर आपण टाकायला लागू नये म्हणून जास्तीचे पन्नास हजार मोजले आणि आता गिअर आपणच टाकतायत, हा हिशेब मी त्यांच्याच फुलस्केपवर मांडून दाखवला. नाना म्हणाले, "पन्नास हजार क्लचचे. गिअर मी फुकट टाकतो."

या गडबडीत माईंनी गुपचूप ऑटोमॅटिक गाडी असलेलं ड्रायव्हिंग स्कूल गाठलं होतं. नानांचं मत असं की आधी क्लचवर शिकावं, मग वाटेल ते करावं. माईंचं मत असं की वाटेल ते आधी करावं, वय सहासष्ट आहे. चढावर थांबवून गाडी पुन्हा काढायची, मागे घ्यायची, सगळं त्यांनी पहिल्या फेरीत केलं. पोस्टाने लायसन्सचं कार्ड आलं. नानांनी स्वतःचं पाकिटातून काढलं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून चष्मा लावून तपासली. चारचाकीसाठी दोन्हींवर तीच तीन अक्षरं, एलएमव्ही. त्यापुढे गिअर, क्लच, फियाटची दांडी, कशाचाही उल्लेख नाही. खालीवर करून मागची बाजूही पाहिली.

गेल्या रविवारी भोरला लग्न होतं. माई चालवायला, नाना शेजारी, मी नेहमीच्या जागी. जुन्या कात्रज घाटाचा चढ लागला, इंजिन जरा कण्हलं, नानांचा डावा पाय मॅटवर दाबला गेला.

"अगं, सेकंडला घे. सेकंड मागतेय ती."

माई वळणाकडे बघत म्हणाल्या, "अहो, ते तुमच्या त्या पोरग्याला सांगा. मी गाडी चालवतेय."